सारसबागेतलं तळं कुठं गेलं?

सारसबागेतल्या गणपतीला अजूनही ‘तळ्यातला गणपती’ म्हणतात. तळं मात्र देवळाभोवती कमळांपुरतंच उरलंय. संध्याकाळी आपण ज्या हिरवळीवर पाय पसरून बसतो, तिथं एके काळी पाणी होतं.

अठराव्या शतकाच्या मध्याला नानासाहेब पेशव्यांनी पर्वतीच्या पायथ्याशी आंबिल ओढ्याचं पाणी अडवून हे तळं करवलं. मधे एक बेट राखलं, त्यावर पुढे बाग झाली. १७८४ मध्ये सवाई माधवरावांनी तिथं गणपती बसवला. कात्रजचं पाणी नळानं शहरात आलं तेही नानासाहेबांच्याच काळात. म्हणजे पेशव्यांचा विरंगुळा आणि शहराचं पाणी हे दोन वेगळे विषय नाहीत. संशोधन आराखड्यात आपण त्यांची दोन प्रकरणं पाडतो आणि तिथंच घोळ होतो.

आता ती प्रसिद्ध गोष्ट. पेशवे या तळ्यात नावेत बसून खलबतं करत आणि गुपित फुटू नये म्हणून वल्हवणारे हबशी ठेवत, ज्यांना मराठी कळत नसे. गोष्ट मलाही आवडते. पण जे बोलणं कुणालाच कळलं नाही, ते तिथं झालं हे सांगितलं कुणी? (पहिल्यांदा हे सुचलं तेव्हा मी एकटाच हसलो होतो.) म्हणून ती फेकून देऊ नका. पेशवाईचा पुरावा म्हणून ती लंगडी आहे, पण पुणेकरांना पेशवाई कशी आठवायला आवडते, याचा पुरावा म्हणून चांगली आहे.

खरी अडचण पुढे आहे. पेशवे दफ्तरात मोडीतले हिशेब ढिगानं आहेत. खर्च झाला की नोंद होते. पण काठावर नुसतं बसायला आलेल्या माणसाची नोंद कोण ठेवणार? फिरायला गेल्याची पावती फाडत नाहीत. त्यामुळे विरंगुळ्याचा इतिहास लिहिताना बांधणाराच सगळीकडे दिसतो, येणारा दिसत नाही. न येऊ शकणारा तर मुळीच नाही.

तो कागदावर येतो भांडण झालं की. ऑक्टोबर १९२९ मध्ये शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज आणि त्यांचे सहकारी पर्वतीच्या देवळात प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रहाला उभे राहिले. त्यांच्यावर दगड आले, देऊळ उघडलं नाही. सारसबागेतून मान वर केली की दिसते तीच ही टेकडी. या परिसरात ‘सगळे’ फिरायला येत असं कुठं वाचलंत, तर त्या ‘सगळे’खाली पेन्सिलीनं रेघ मारा.

आणि ओढा? त्याच्याकडे संशोधकांचं लक्ष जरा कमीच गेलं. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, भिंती पडल्या, माणसं वाहून गेली. त्यानंतर ओढा मूळ कुठून वाहत होता, पेशव्यांनी तो कुठं वळवला, असे प्रश्न एकदम बातम्यांत आले. माझ्या टिपणवहीत तोवर ओढ्यासाठी एकच ओळ होती, तीही तळ्याच्या पानावर. आता त्याची वेगळी वही केली आहे आणि पहिल्या पानावर जुना नकाशा चिकटवलाय.