शुभा खोटे : विनोदी अभिनेत्रीचे दुर्लक्षित योगदान

हिंदी चित्रपटाच्या इतिहासलेखनात विनोदी अभिनेत्यांची जेवढी दखल घेतली गेली, तेवढी विनोदी अभिनेत्रींची घेतली गेली नाही. या पार्श्वभूमीवर शुभा खोटे यांची कारकीर्द अभ्यासनीय ठरते. १९३७ मध्ये जन्मलेल्या शुभा या रंगभूमीवरील नट नंदू खोटे यांच्या कन्या. ज्येष्ठ अभिनेत्री दुर्गा खोटे या त्यांच्या काकू होत. बालपणीच त्यांनी रंगभूमीवर पाऊल ठेवले. पोहणे व सायकल-शर्यतीत त्यांनी नाव मिळविले आणि अमिय चक्रवर्तींच्या 'सीमा' (१९५५) या चित्रपटातून त्या पडद्यावर आल्या. त्यातील सायकलवरील पाठलागात हे क्रीडाकौशल्य उपयोगी पडले.

'पेइंग गेस्ट'मध्ये (१९५७) त्यांनी गंभीर भूमिकाही समर्थपणे केली. तथापि 'छोटी बहन' (१९५९), 'ससुराल' (१९६१), 'जिद्दी' (१९६४) व 'लव्ह इन टोकियो' (१९६६) या चित्रपटांतून मेहमूद, धुमाळ व शुभा खोटे हे त्रिकूट लोकप्रिय झाले. चतुर प्रियकर आणि अडवणारा बाप यांच्यातील झटापट विनोदी ठरते, ती मध्ये उभ्या असलेल्या मुलीच्या अचूक प्रतिसादामुळे. श्रेय मात्र प्रामुख्याने पुरुष नटांच्या वाट्याला आले.

पुढे 'एक दूजे के लिये'मध्ये (१९८१) त्या कठोर आईच्या भूमिकेत दिसल्या, तर 'जबान संभालके' या दूरदर्शन मालिकेतून नव्या पिढीसमोर आल्या. सारांश, स्त्रीच्या विनोदाला दुय्यम मानणाऱ्या चौकटीतही त्यांनी स्वतःचे स्थान निर्माण केले. म्हणूनच त्यांचा विचार केवळ 'सहायक अभिनेत्री' म्हणून करणे अपुरे ठरते.