नारिंगांचा निवारा

‘नारंग’ हा संस्कृत शब्द फारसी व अरबी भाषांतून स्पेनमध्ये पोहोचला आणि पुढे फ्रान्समध्ये त्याचे ‘ओरांज’ झाले. त्या फळाचे झाडही असेच पश्चिमेकडे गेले. पण उत्तरेच्या कडाक्याच्या थंडीत ते उघड्यावर तग धरू शकत नव्हते.

त्यावर माणसाने उपाय शोधला. हाइडलबर्ग येथे १७ व्या शतकाच्या आरंभी सालोमों द को याने अशा झाडांभोवती दर हिवाळ्यात लाकडी घर उभारून ते भट्ट्यांनी उबदार ठेवण्याची व्यवस्था केली. अन्यत्र झाडे लाकडी पेट्यांत वाढवून हिवाळ्यापूर्वी आत नेण्याची रीत रूढ झाली.

या विद्येचे भव्य स्मारक म्हणजे फ्रान्सचा राजा चौदावा लुई याचे व्हर्साय येथील नारिंगगृह. मान्सार या वास्तुशिल्पज्ञाने ते १६८४ ते १६८६ या काळात बांधले. मधले दालन दीडशे मीटरहून अधिक लांब आहे. जाड भिंती, दुहेरी काचा आणि दक्षिणेकडे उघडणाऱ्या उंच खिडक्या यांमुळे शेकोटीवाचूनही आत पाणी गोठत नाही. झाडाला हिवाळ्यात उन्हाळा नको असतो; त्याला विसावा हवा असतो. थोडा गारवा, भरपूर उजेड आणि बेताचे पाणी एवढ्यावर ते तरते. आजही तेथील हजाराहून अधिक झाडे ऑक्टोबरच्या मध्यास आत जातात व मेच्या मध्यास बाहेर येतात.

परंतु या नारिंगगृहाकडे पाहताना आम्हांला १७०९ चा हिवाळा आठवल्यावाचून राहत नाही. जानेवारीत फ्रान्सवर भीषण गारठा कोसळला. शेतातला गहू करपला, दक्षिणेतील ऑलिव्हची झाडे मेली. देश युद्धात गुंतलेला होता. धान्य महागले, उपासमार व रोगराई पसरली. त्या दोन वर्षांत सुमारे सहा लाख माणसे दगावली, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. झाडांसाठी दगडी निवारा बांधणाऱ्या राज्यात गरिबासाठी तसा निवारा नव्हता.

त्याच काळात कांब्रे येथे आर्चबिशप फेनलों होते. राजाच्या नातवाचे हे एके काळचे गुरू १६९७ पासून राजाची मर्जी गमावून आपल्या धर्मप्रांतात राहत होते. त्यांनी आपली धान्याची कोठारे सैन्यासाठी खुली केली. सप्टेंबरमध्ये माल्प्लाकेची रक्तरंजित लढाई झाली, तेव्हा जखमी सैनिकांना आणि घरदार सोडून आलेल्या शेतकऱ्यांना त्यांनी आपल्या वाड्यात आसरा दिला.

राजाच्या माळ्यांचे कसब आम्ही कमी लेखत नाही. नाजूक जिवाला कोणता गारठा सोसवत नाही हे ओळखावे आणि तो येण्यापूर्वीच दार उघडावे, ही त्यांची विद्या खरीच होती. ती झाडांपुरती राहिली, हे दुःख. आजारपण, बेकारी, म्हातारपणाचे एकटेपण असे गारठे आपल्या धर्मग्रामातही येतात. ते कोणाच्या घरावर येऊ घातले आहेत, हे शेजाऱ्याला बहुधा आधी कळते. तेवढी वेळ आपण साधावी.