घरची शुश्रूषा, जबाबदारी कोणाची?

देवासला पाहुणा आला की आपण त्याला दोन ठिकाणे हमखास दाखवतो : माताजीची टेकडी आणि ‘भानुकुल’. पंडित कुमार गंधर्वांचे घर म्हणून पाहुणे ते भक्तिभावाने पाहतात. घराला हे नाव का, असे मात्र क्वचितच कोणी विचारते. ते नाव कुमारजींच्या पहिल्या पत्नी भानुमतीबाई यांचे आहे. त्या नावामागे घरच्या शुश्रूषेचा जो इतिहास आहे, तो आज आपल्या प्रत्येक कुटुंबाच्या दाराशी आला आहे.

१९४८च्या जानेवारीत कुमारजी देवासला आले, तेव्हा त्यांचे वय अवघे २३ होते. आदल्याच वर्षी लग्न झालेले, देशभर नाव झालेले आणि क्षयाने फुफ्फुस पोखरलेले. माळव्याची कोरडी हवा मानवेल, असा डॉक्टरांचा सल्ला होता. गाणे तर पूर्ण बंद. त्याच साली मध्य भारत स्थापन झाला आणि धारचे व देवासची थोरली-धाकटी पाती अशी पवारांची तिन्ही संस्थाने त्यात विलीन झाली. दरबारचा आश्रय संपत होता आणि नव्या सरकारची आरोग्यव्यवस्था अजून उभी राहायची होती.

त्या काळी क्षयरोग्याला सॅनिटोरियममध्ये ठेवत. मिरजेजवळची वानलेसवाडी, कुमाऊँतले भोवाली, आंध्रातले मदनपल्ली ही नावे जुन्या पिढीला ठाऊक असतील. पण तिथे जागा किती? भोर समितीच्या १९४६च्या अहवालात देशात सुमारे २५ लाख क्षयरोगी आणि त्यांच्यासाठी जेमतेम ६,००० खाटा, असा हिशेब दिला आहे. बाकीच्यांचे रुग्णालय म्हणजे त्यांचे घर, आणि परिचारिका म्हणजे घरातली बाई.

भानुताई स्वतः गायिका होत्या, देवधर मास्तरांकडे शिकलेल्या. देवासला त्यांनी शाळेत नोकरी धरली, घर चालवले आणि पाच-सहा वर्षे आजाऱ्याचे सगळे केले. पुढे स्ट्रेप्टोमायसिन मिळू लागले, औषध लागू पडले आणि १९५३च्या सुमारास कुमारजी पुन्हा मैफलीत बसले. अंथरुणावर पडून त्यांनी रस्त्यावरच्या भजनी फकिरांचे सूर ऐकले आणि त्यातून पुढचे गाणे घडले, हे आपण अभिमानाने सांगतो. त्या वर्षांची किंमत कोणी मोजली, हे मात्र सांगायचे राहून जाते. भानुताई १९६१ साली बाळंतपणात गेल्या.

प्रत्येक घरी भानुताई नसतात. मग अशी शुश्रूषा सरकारी खर्चाने, सामान्य घरांत, चांगल्या दर्जाची होऊ शकेल का? याची शास्त्रीय परीक्षा आपल्याच देशात झाली. १९५६ साली मद्रासमध्ये क्षयरोग उपचार केंद्र सुरू झाले. तिथे १९३ गरीब रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला सॅनिटोरियममध्ये ठेवले, दुसऱ्याला घरीच. गोळ्या दोघांनाही त्याच, वर्षभर. घरच्यांचा आहार निकृष्ट, खोल्या कोंदट, विश्रांती कमी. तरीही १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा दोन्ही गटांचे निकाल जवळपास सारखे निघाले. घरच्या माणसांना संसर्गही जास्त झाला नाही. या प्रयोगाने साऱ्या जगातली क्षयाच्या उपचाराची पद्धत बदलली.

पण त्यातली मेख नीट पाहायला हवी. त्या रुग्णांना औषध फुकट मिळत होते. केंद्राची माणसे न कळवता घरी येत, गोळ्या मोजत, लघवी तपासून औषध पोटात गेले की नाही ते पाहत. घरचा उपचार यशस्वी झाला, कारण घराला एकटे सोडलेले नव्हते.

१९६२ साली राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम सुरू झाला. त्याने घरचा उपचार स्वीकारला, पण घरी येणारे ते माणूस मागेच राहिले. गोळ्या घेऊन रुग्ण जाई आणि बरे वाटू लागताच परत फिरकत नसे. १९९२च्या पाहणीत निम्म्याहून कमी रुग्ण उपचार पूर्ण करतात, असे आढळले. तेव्हा कुठे १९९७पासून कोणाच्या तरी देखरेखीखाली गोळी देण्याची पद्धत देशभर पसरू लागली. आपल्या शेजारच्या धार जिल्ह्यात निम्म्याहून अधिक लोकसंख्या आदिवासी. कुक्षी, गंधवानी, डही या भागांतल्या विखुरलेल्या फलियांत औषध पोहोचवायचे तर चालणारे पाय लागतात. ते आज आशा कार्यकर्तीचे आहेत. रुग्णाच्या आहारासाठी २०१८पासून महिना ५०० रुपये मिळू लागले, २०२४च्या अखेरीस ते १,००० झाले.

आता आपल्या घरांकडे पाहू. मुले पुण्याला, बंगळुरूला, अमेरिकेत; इथे जुन्या वाड्यात आई अंथरुणाला खिळलेली आणि सत्तरीचे वडील तिची कूस बदलत असलेले. २०२४च्या ऑक्टोबरपासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला आयुष्मान कार्डावर ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, पण ते रुग्णालयात भरती झाल्यावर. घरी आल्यानंतरची दोन-चार वर्षे त्या कार्डात बसत नाहीत. ज्येष्ठांसाठीच्या राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमात खिळलेल्या वृद्धांना घरी भेट देण्याची तरतूद २०१०-११पासून आहे. आपल्या गल्लीत ती भेट कितीदा होते, हे ज्याने त्याने विचारून पाहावे. दिवसाची बाई ठेवावी, तर तिला पाठीचे व्रण कसे टाळायचे हे कोणी शिकवलेले नसते.

याहून चांगले होऊ शकते. जर्मनीने १९९५पासून दीर्घकालीन शुश्रूषेचा विमा सुरू केला. त्यातून सेवा करणाऱ्या घरच्या माणसासाठीही पैसे मिळतात. जपानने २०००पासून असाच विमा आणला. हे श्रीमंत देश झाले. पण केरळने २००८ साली धोरण ठरवून पंचायतींमार्फत घरोघर जाणाऱ्या परिचारिका नेमल्या, आणि खिळलेल्या माणसाची सेवा करणाऱ्या नातेवाइकाला महिना ६०० रुपये देणारी योजनाही तिथे आहे. रक्कम लहान आहे; पण हे काम आहे, हे सरकारने त्यातून मान्य केले.

आपण नगरपालिकेकडे, आमदारांकडे रस्ते आणि पाणी मागतो. त्याच अर्जात घरी येणारी प्रशिक्षित परिचारिका मागायला काय हरकत आहे? आणि ती येईपर्यंत, मंडळाच्या वर्गणीच्या यादीत प्रत्येक घरापुढे एक रकाना वाढवता येईल : घरी कोणी अंथरुणाला आहे का, आणि त्यांचे कोण करते? आठवड्यातून दोन तास त्या करणाऱ्याला मोकळे करणे एवढे तर आपल्या हातात आहे. भानुताईंच्या घरी तेवढे दोन तास कोणी बसले असते, तर त्यांना तंबोरा लावता आला असता.