डिकी, काच आणि चवथीचं सामान

चवथीच्या आदल्या दिवशी पणजीहून पेडण्याला किंवा डिचोलीला निघालेली गाडी आठवून पाहा. माटोळीचं सामान, नारळ, कपड्यांच्या बॅगा आणि मागच्या सीटवर मधोमध बसलेली आजी! गाडीचा रुबाब पुढून दिसतो खरा, पण तिची परीक्षा डिकीत होते.

गोव्याला परदेशी गाड्यांचं अप्रूप नवं नाही. 1961 पूर्वी आयात खुली होती आणि इथे मर्सिडीज चक्क टॅक्सी म्हणून धावायची. मुक्तीनंतर भारतीय आयातीचे नियम आले आणि आपल्या वाट्याला आल्या ॲम्बॅसडर व फियाट. दोन्हींना मागे वेगळी डिकी. मोठी गाडी म्हणजे मागे पेटी, हे तेव्हाच डोक्यात बसलं. 1983 साली आलेल्या मारुती 800 चं मागचं दार काचेसकट उघडायचं, पण ती पडली 'छोटी गाडी'.

या समजुतीला पहिला धक्का द्यायला आली स्टँडर्ड 2000. मूळची ती इंग्लंडची रोव्हर एसडी1, 1976 सालची. छत मागे उतरत थेट शेपटापर्यंत जायचं आणि मागचं सगळं दार काचेसह वर उचललं जायचं. यालाच फास्टबॅक म्हणतात. 1977 साली तिला युरोपातली 'कार ऑफ द इयर' हा मान मिळाला. 1985 मध्ये तीच गाडी मद्रासला बनू लागली, पण आत इंजिन होतं व्हॅनगार्डच्या वंशातलं, जुनं, 1991 सीसीचं. अंगावर सूट आणि पायात फाटकी चप्पल! 1988 पर्यंत खेळ आटोपला.

हेच काम नंतर जमलं ते झेक कंपनीला, तेही महाराष्ट्रात. 1895 साली सायकलींपासून सुरू झालेली स्कोडा 1991 पासून फोक्सवॅगनच्या छत्राखाली गेली. 'ऑक्टाविया' म्हणजे लॅटिनमध्ये 'आठवी'. 1959 सालचं हे नाव 1996 मध्ये नव्या गाडीला मिळालं आणि 2001 मध्ये ती औरंगाबादजवळच्या शेंद्र्याला तयार होऊ लागली.

तिची युक्ती अशी, की लांबून पाहावं तर साधी डिकीवाली गाडी. झाकण उचललं की काचही वर! जागा 528 लिटर, मागची सीट पाडली तर 1328 लिटर. शिवाय 1.9 लिटरचं काटकसरी डिझेल इंजिन. स्टँडर्डला जे साधलं नाही ते इथे साधलं: मानही राहिला आणि नारळही मावले.

दुसरी पिढी इथे 2005 मध्ये 'लॉरा' नावाने आली, तिसरी 2013 मध्ये पुन्हा 'ऑक्टाविया' म्हणून, चौथी 2021 मध्ये. डिकी वाढत 600 लिटरवर गेली, गिऱ्हाईक मात्र उंच एसयूव्हीकडे वळलं. 2023 मध्ये प्रदूषणाचे नियम आणखी कडक झाले आणि शेंद्र्याची ऑक्टाविया थांबली. त्याच वर्षी औरंगाबादचं नाव छत्रपती संभाजीनगर झालं. म्हणजे गाडी गेली आणि तिच्या गावाचं नावही बदललं.

मला वाटतं, या गाडीने आपल्याला एक साधी गोष्ट शिकवली. सोय हा कमीपणा नव्हे. पण ती स्वीकारायला आपल्याला सोयीवर मानाचं झाकण लागलं. उंच गाड्यांच्या आजच्या हौसेतही ते झाकण आहेच, फक्त थोडं वर गेलंय!