टाकीतल्या उजेडाची गोष्ट

गेल्या पावसाळ्यात मी बलकांवात चाळीस लिटरची काचेची टाकी मांडली. वालिस्नेरिया, जावा फर्न आणि सहा गप्पी मासे. "गॅलनमागे दोन वॉट" असा हिशेब करून दुकानदाराने वीस वॉटचा एलईडी दिला, तो मी बारा तास पेटता ठेवायचो. महिन्याभरात पाणी वाटाण्याच्या आमटीसारखे झाले आणि एका सकाळी दोन गप्पी पालथे दिसले. रात्री शेवाळही प्राणवायू ओढते, हे मला नंतर कळले. मग दिवा बदलण्याआधी जुनी पुस्तके काढून बसलो.

उजेडात वनस्पतींचे हिरवे भाग प्राणवायू सोडतात, अंधारात नाही, हे इंगेनहाउझने १७७९ साली दाखवले होते. त्यावर माशांचे घर उभे केले ते रॉबर्ट वॉरिंग्टन या लंडनच्या रसायनशास्त्रज्ञाने, १८४९ साली. बारा गॅलनचे काचपात्र अर्धे भरलेले, त्यात दोन छोटे गोल्डफिश आणि (गंमत पाहा!) हीच वालिस्नेरिया. त्याचीही पाने कुजली, पाणी हिरवे झाले. त्याने तळ्यातल्या गोगलगायी सोडल्या, त्यांनी घाण खाल्ली, पाणी निवळले. १८५० साली त्याने हे केमिकल सोसायटीपुढे मांडले. दिवा नव्हताच, होता तो दिवसाचा उजेड.

पुढची कित्येक वर्षे टाकी खिडकीच्या मर्जीवर चालली. १९३८ साली ट्यूबलाइट बाजारात आली आणि कालांतराने तो "गॅलनमागे वॉट"चा ठोकताळा रुजला. (आमच्याकडच्या बहुतेक खेड्यांत वीजच मुक्तीनंतर पोचली, तेव्हा माशांसाठी ट्यूब ही चैनच.) १९९३ साली नाकामुराने प्रखर निळा एलईडी बनवला, त्यातून पांढरा आला. २०१४ च्या नोबेलमध्ये त्याच्याबरोबर आकासाकी आणि आमानो होते. पाणवनस्पतींच्या टाक्या सजवणारा ताकाशी आमानो तो वेगळा. त्याच्या झगझगीत दिव्यांना कार्बन डायऑक्साइडच्या नळकांड्याची जोड असे.

माझी चूक इथेच सापडली. ठोकताळा ट्यूबचा, दिवा एलईडीचा! तेवढ्याच वॉटमध्ये एलईडी कितीतरी जास्त उजेड देतो. नळकांडे नसेल तर त्या उजेडाचा फायदा झाडांआधी शेवाळ उठवते. साध्या टाकीला लिटरमागे दहा ते वीस ल्युमेन पुरतात. माझ्याकडे पन्नास पडत होते.

१९९९ साली साध्या टाक्यांवर पुस्तक लिहिणाऱ्या डायना वॉलस्टॅड या अमेरिकन बाईंनी पुढे आणखी एक उपाय सुचवला: दुपारी काही तास दिवा बंद ठेवायचा, म्हणजे सकाळी संपलेला कार्बन डायऑक्साइड पाण्यात पुन्हा साठतो. या विश्रांतीला त्या चक्क "सिएस्ता" म्हणतात. गोंयकाराला आणखी काय हवे?

आता टाकी खिडकीपासून लांब आहे. सात वॉटचा, ६५०० केल्विनचा साधा एलईडी लावला आहे. सकाळी चार तास, संध्याकाळी चार तास. एक वाजता टायमर खट्कन वाजतो. तोवर माझेही जेवण झालेले असते.