ओरिएंट एक्सप्रेस

पॅरिस व इस्तंबूल (तत्कालीन कॉन्स्टँटिनोपल) यांना जोडणारी इतिहासप्रसिद्ध प्रवासी आगगाडी. ही एकच अखंड गाडी होती, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः १८८३ ते २००९ या काळात हे नाव मार्ग, डबे व दर्जा या बाबतींत परस्परांहून भिन्न अशा अनेक गाड्यांना लाभले. त्यामुळे जुन्या छायाचित्रातील वा संग्रहालयातील एखादा डबा ‘ओरिएंट एक्सप्रेसचा’ म्हणून दाखविला जातो, तेव्हा तो नेमका कोणत्या गाडीचा व कोणत्या काळातला, हे प्रथम ठरवावे लागते.

बेल्जियन उद्योजक झॉर्झ नागेलमाकर्स (१८४५–१९०५) याने १८७२ मध्ये शयनयानांची कंपनी काढली व १८७६ मध्ये तिची पुनर्रचना केली. ‘वागाँ-ली’ या संक्षिप्त नावाने ती पुढे ख्याती पावली. लोहमार्ग वा इंजिने तिच्या मालकीची नव्हती. डबे व सेवकवर्ग कंपनीचे आणि इंजिने त्या त्या देशातील रेल्वेची, अशी व्यवस्था होती. सरहद्द ओलांडली की इंजिन बदले. म्हणून छायाचित्रातील इंजिनावरून स्थळाचा अंदाज बांधता येतो; गाडीची ओळख त्यावरून पटत नाही.

नियमित सेवा ५ जून १८८३ रोजी सुरू झाली आणि गाजावाजा झालेला उद्‌घाटनाचा प्रवास ४ ऑक्टोबर १८८३ रोजी पॅरिसहून निघाला. एदमाँ आबू हा लेखक व द टाइम्सचा वार्ताहर आंरी द ब्लोव्हित्स हे त्या प्रवासात होते. स्ट्रॅस्‌बर्ग, म्यूनिक, व्हिएन्ना, बूडापेस्ट व बूकारेस्टवरून गाडी डॅन्यूबकाठच्या जूर्जूला पोहोचे. तेथे प्रवासी नावेने नदी ओलांडून रूसेला जात, दुसऱ्या गाडीने व्हार्ना गाठीत आणि शेवटचा टप्पा आगबोटीने पार करीत. पॅरिसपासून कॉन्स्टँटिनोपलपर्यंत सलग रेल्वेप्रवास १८८९ मध्ये शक्य झाला. गाडीचे मूळ नाव ‘एक्सप्रेस द’ओरियाँ’ असे होते. ‘ओरिएंट एक्सप्रेस’ हे अधिकृत नाव १८९१ चे. १८८३ च्या गाडीस ते लावणे काटेकोरपणे पाहता कालविपर्यासच होय. या नावातील ‘पूर्व’ही बॉस्पोरसच्या काठीच संपते. हिंदुस्थानची इंग्रजी टपाल या गाडीने जात नसे. ती इटलीतील ब्रिंडिसी बंदरात आगबोटीवर चढून मुंबईस येई.

पहिल्या महायुद्धाने ही वाहतूक खंडित केली. युद्ध संपल्यावर विजेत्या राष्ट्रांना जर्मनी व ऑस्ट्रिया टाळणारा मार्ग हवा होता. १९०६ मध्ये खुल्या झालेल्या सिंप्लॉन बोगद्यामुळे तो उपलब्ध होता. त्यानुसार १९१९ मध्ये ‘सिंप्लॉन-ओरिएंट एक्सप्रेस’ सुरू झाली. लोझॅन, मिलान, व्हेनिस, ट्रिएस्ट, झाग्रेब, बेलग्रेड व सोफिया असा तिचा मार्ग होता. मूळ गाडीही कालांतराने पुन्हा धावू लागली. १९३० नंतरच्या दशकात आर्लबर्ग खिंडीच्या मार्गाने जाणारी तिसरी गाडी होती. म्हणजे एका नावाच्या तीन गाड्या एकाच काळात चालत होत्या. अ‍ॅगाथा ख्रिस्तीच्या १९३४ च्या सुप्रसिद्ध कादंबरीतील गाडी सिंप्लॉन मार्गाची आहे. म्यूनिक वा बूडापेस्ट तिच्या वाटेत येतच नाही. १९२९ मध्ये तुर्कस्तानातील चेर्केझकॉय येथे हिमात अडकली तीही सिंप्लॉन-ओरिएंटच.

डबा ओळखण्याचे सर्वांत परिचित लक्षण म्हणजे त्याचा गडद निळा रंग व सोनेरी अक्षरे. परंतु तेच सर्वाधिक फसवे आहे. कंपनीचे सुरुवातीचे डबे लाकडी असून त्यांस सागवानी झळाळी असे. निळे पोलादी डबे १९२२ मध्ये आले आणि प्रथम धावले ते कॅले–रिव्हिएरा मार्गावर. शिवाय सूद एक्सप्रेस (१८८७), नॉर एक्सप्रेस (१८९६) अशा कंपनीच्या इतर गाड्यांनाही याच धर्तीचे डबे असत व ते गरजेप्रमाणे एका गाडीतून दुसरीत फिरत. छायाचित्रात बाजूवरची मार्गदर्शक पाटी वाचता आली, तर मार्ग निश्चित होतो. खरा आधार डब्याच्या क्रमांकाचा. तो कंपनीच्या नोंदींशी ताडून पाहिल्यास डब्याची बांधणी व प्रकार कळतो.

क्रमांकही मात्र डोळे झाकून स्वीकारता येत नाही. ११ नोव्हेंबर १९१८ रोजी काँप्येन्यच्या जंगलात युद्धविरामावर सह्या झाल्या, तो याच कंपनीचा २४१९ डी हा भोजनयानाचा डबा होता. हिटलरने जून १९४० मध्ये फ्रान्सची शरणागती त्याच डब्यात स्वीकारून तो बर्लिनला नेला. १९४५ मध्ये थुरिंजियात तो नष्ट झाला. काँप्येन्य येथे १९५० पासून दाखविला जाणारा डबा त्याच मालिकेतील २४३९ डी असून त्यावर जुना क्रमांक घातलेला आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर विमानवाहतूक व पूर्व यूरोपातील सरहद्दींवरील निर्बंध यांनी गाडीची रया गेली. १९६२ मध्ये सिंप्लॉन-ओरिएंटची जागा ‘डिरेक्ट-ओरिएंट’ने घेतली. तिच्यात बहुतांशी निरनिराळ्या देशांचे साधे डबे असत. मे १९७७ मध्ये ती बंद पडली. मूळ मार्गावरील गाडी आखडत आखडत शेवटी स्ट्रॅस्‌बर्ग–व्हिएन्ना एवढीच उरली व डिसेंबर २००९ मध्ये थांबली. जेम्स शेरवुड याने जुने डबे विकत घेऊन १९८२ मध्ये सुरू केलेली ‘व्हेनिस सिंप्लॉन-ओरिएंट एक्सप्रेस’ ही खासगी पर्यटनगाडी आहे. रने लालीकच्या काचकामाने नटलेला तिचा १९२९ चा डबा मुळात दिवसा धावणाऱ्या पुलमन गाड्यांसाठी बांधलेला होता.

फ्रेंच राष्ट्रीय रेल्वेसाठी अशा डब्यांची नोंद करणाऱ्या आर्त्यूर मेतेताल या संशोधकाला २०१५ मध्ये आंतरजालावरील एका चित्रफितीत व त्यानंतर हवाई चित्रांत पोलंड–बेलारूस सरहद्दीवरील मालाशेविचे येथे निळ्या डब्यांची रांग आढळली. १९८८ मध्ये पॅरिसहून सोव्हिएट रशिया व चीनमार्गे हाँगकाँगला, तेथून जहाजाने जपानला गेलेल्या पर्यटनगाडीचे हे डबे होते. जपानच्या अरुंद लोहमार्गावर चालण्यासाठी तेथे त्यांच्या चाकांचे सांगाडेही बदलण्यात आले होते.