बुरोंडी आणि तिचा शेजार

दापोलीच्या सड्यावरून समुद्राकडे उतरूं लागलें कीं बुरोंडी लागते. येथें येणारा प्रवासी बहुधा परशुरामाचा भव्य पुतळा आणि लाडघरच्या किनाऱ्यावरील तांबूस पाण्याचें तामसतीर्थ पाहून परततो. भार्गवानें समुद्र हटवून ही भूमि मिळविली, एवढी कथा त्यास पुरेशी वाटते. परंतु कथा भूमीची उत्पत्ति सांगते. तिच्यावर नांदलेल्या माणसांचा वृत्तांत अन्यत्र शोधावा लागतो.

दक्षिणेस वासिष्ठीच्या मुखाशीं दाभोळ आहे. बहामनी व आदिलशाही अमदानींत गजबजलेलें हें बंदर पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेइदा यानें १५०८ च्या अखेरीस जाळलें. आंत, कोटजाई नदीकांठीं, पन्हाळेकाजीचीं २९ लेणीं आहेत. प्रथम बौद्ध भिक्षूंचीं असलेलीं हीं लेणीं पुढें शैवांचीं व नाथपंथीयांचीं झालीं. तेथें सांपडलेला ११३९ चा ताम्रपट शिलाहार विक्रमादित्याचें नांव सांगतो. खुद्द दापोली इंग्रजांनीं १८१८ नंतर दक्षिण कोंकणचें लष्करी ठाणें केलें. पलटणी गेल्या, ‘कॅम्प’ हें नांव मात्र लोकांच्या तोंडीं राहिलें. आणि १९७२ मध्यें त्याच गांवीं कृषि विद्यापीठ उभें राहिलें.

तेव्हां परशुरामकथेचा मान राखूनही म्हणावेंसें वाटतें कीं, ही भूमि एकदांच मिळालेली नाहीं. व्यापारी, भिक्षु, जोगी, शिपाई आणि शेतकरी यांनीं ती पुनःपुन्हा आपली केली आहे. पुतळ्यापाशीं उभें राहून केवळ समुद्राकडे पाहणाऱ्यास अर्धेंच कोंकण दिसतें. उरलेलें त्याच्या पाठीशीं, डोंगराच्या कुशींत आहे.